अंदमानला जाताय? खरेदीला निघण्याआधी एक बादली पाणी भरा

आमच्या घरात एक जीन्स आहे. ती अंदमानच्या हॅवलॉक बेटावर शुक्रवारी भिजली आणि वाळली मंगळवारी, डोंबिवलीच्या गॅलरीत. मधले चार दिवस ती दोन हॉटेलं, दोन बोटी आणि दोन विमानांतून आमच्याबरोबर फिरली. पहिल्या रात्री पंख्याखाली, दुसऱ्या रात्री बाथरूमच्या दांडीवर, तिसऱ्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी उघडली की कुबट वास. जीन्स अर्थात नवऱ्याची. "एक तर जीन्स हवीच ना," हे वाक्य त्याने निघायच्या आदल्या रात्री उच्चारलं होतं.

तेव्हापासून बेटावर जाणारं ओळखीतलं कोणीही "कपडे काय घेऊ गं?" म्हणून विचारायला आलं, की माझा उलटा प्रश्न एकच असतो: ते वाळतं का? छान दिसतं का, महाग आहे का, इस्त्री लागते का, हे सगळं नंतर. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी सगळा क्रम इथे लिहून ठेवते. उदाहरण अंदमानचं आहे, कारण ते मला ठाऊक आहे. लक्षद्वीपला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

तारखा आधी, बाजार नंतर

अंदमानला पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर आपलाच नैऋत्य मोसमी, आणि त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडून परतणारा. वर्षाचा एकूण पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या कोकणाएवढा. त्यामुळे बहुतेक लोक डिसेंबर ते एप्रिल या काळात जातात. थंडी हा प्रकार तिथे नाही. जानेवारीतही पहाटे २२-२३ अंश आणि दुपारी तिशीच्या आसपास. स्वेटर कपाटातच राहू द्या. दमटपणा मात्र बारा महिने, आणि तोच आपला खरा विरोधक.

तिकिटं काढताना नावांचा गोंधळ होतो, तो आधीच मिटवू. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं २०१८ च्या डिसेंबरात दिली गेली. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झालं. तिकिटावर कुठे जुनं, कुठे नवं नाव दिसेल. रिक्षावाले आणि बोटवाले जुनीच नावं बोलतात, म्हणून मीही इथे तीच वापरते.

पाच-सहा रात्रींचा नेहमीचा बेत असा असतो: पोर्ट ब्लेअरला एक-दोन रात्री, हॅवलॉकला दोन, नीलला एक आणि परत पोर्ट ब्लेअर. हा क्रम कागदावर लिहा आणि प्रत्येक दिवसापुढे एकच गोष्ट नोंदवा, की त्या दिवशी पाण्यात उतरायचं आहे की नाही. आमच्या सहा दिवसांत भिजायचे दिवस तीन निघाले. खरेदी करायची ती याच तीन दिवसांची. उरलेल्या तीन दिवसांना लागणारं घरात असतंच.

कागद समोर आहे तोवर आणखी एक बघून घ्या. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली बुडी) करणार असाल तर ते शेवटच्या दिवशी ठेवू नका. एकदाच बुडी मारली तर विमानाआधी किमान १२ तास, एकाहून जास्त वेळा मारली तर किमान १८ तास मधे जावे लागतात. याचा कपड्यांशी संबंध नाही, पण बेत आखताना हे कोणी सांगत नाही.

मग कपाट उघडा

दुकानात जायच्या आधी आपले पावसाळ्याचे कपडे बाहेर काढा. जूनमध्ये लोकल पकडताना जे घालतो ते. गुडघ्यापर्यंत दुमडता येणारी पातळ पँट, सिंथेटिक कुर्ता, पटकन वाळणारी ओढणी. मुंबई-ठाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या माणसाला बेटावरचे कपडे वेगळे शिकवावे लागत नाहीत. आपण दर वर्षी चार महिने तीच परीक्षा देतो, फक्त सहलीचं नाव निघालं की विसरतो आणि पांढरा लिनन शर्ट शोधत फिरतो.

हे मला सासूबाईंनी दाखवलं. त्यांनी स्वतःच्या बॅगेत तीन जॉर्जेटच्या साड्या ठेवल्या. मी म्हटलं, "आई, तिकडे उकडेल. कॉटनच्या घ्या." त्या म्हणाल्या, "अगं, पावसाळ्यात मी काय नेसते? ही रात्री पिळून टाकली की सकाळी नेसायला तयार." तसंच झालं. माझी सुती कुर्ती दोन दिवस दांडीवर लोंबत होती आणि त्यांची साडी रोज पहाटे घडी घालून तयार.

मात्र साडी नेसून पाण्यात घोट्याच्या वर जाऊ नये. लाट परत फिरते तेव्हा ओला पदर आणि निऱ्या पायांत गुंडाळतात आणि माणूस बसल्या जागी पडतो. घरातल्या ज्येष्ठ बायकांना पाण्यात उतरायची हौस असेल (आणि असतेच, फक्त आधी कोणी म्हणत नाही), तर त्यांच्यासाठी एक सिंथेटिक सलवार आणि गुडघ्यापर्यंतचा कुर्ता वेगळा ठेवा. ओढणी खोलीवर.

कापड ओळखायला शिका

इथे जरा थांबते, कारण सगळी चूक इथेच होते.

सुती कापड पाणी पितं. वरून कोरडं दिसणाऱ्या सुतातही वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. नायलॉनमध्ये तो चार टक्क्यांच्या आसपास आणि पॉलिस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याच्याही खाली. म्हणून घाम टिपायला सुती छान, आणि दमट हवेत वाळवायला तितकंच वाईट. कापड जेवढं जाड, तेवढी रड जास्त. जीन्सचं काय झालं ते सांगितलंच.

रेयॉन तर सुतीच्याही पुढे. सहलीच्या सीझनला रस्त्यावर जे फुलाफुलांचे, हाताला थंडगार लागणारे मऊ ड्रेस लटकलेले असतात, त्यातले बहुतेक रेयॉनचे. तो ओलावा सुतीपेक्षा जास्त धरतो आणि ओला झाला की कमजोर पडतो. जोरात पिळलं की शिवण उसवते, आणि पहिल्या धुण्यात दोन बोटं आटतो. संध्याकाळी जेवायला जाताना घालायला सुंदर. समुद्रात उतरताना अजिबात नको.

यावर समुद्राचं पाणी आणखी एक खोडी करतं. त्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात बरणीतलं जाडं मीठ पाझरतं ना, तेच तुमच्या टी-शर्टच्या धाग्याधाग्यात होत असतं. खाऱ्या पाण्यात भिजलेला कपडा तसाच वाळत घातला तर तो कधी पूर्ण वाळल्यासारखा लागतच नाही, चिकट राहतो. आधी गोड्या पाण्यातून काढला पाहिजे. आता बादलीकडे येऊ.

घरातल्या ज्या कपड्यांवर तुमचा डोळा आहे ते रात्री एका बादलीत बुचकळा, हाताने पिळा आणि बाथरूममध्ये टांगा. गॅलरीत नको, कारण हॉटेलात गॅलरी मिळेलच असं नाही. सकाळी उठून हात लावा. जे वाळलं ते बॅगेत, जे ओलं ते कपाटात. या एका रात्रीत आमची अर्धी खरेदी वाचली. मुलीच्या शाळेच्या पी.टी.ची ट्रॅक पँट पास झाली आणि मी सहलीसाठी खास घेतलेली पलाझो नापास.

दुकानात बादली नेता येत नाही. तिथे मानेजवळची किंवा बाजूच्या शिवणीतली पट्टी वाचा, त्यावर कापड लिहिलेलं असतं. पट्टी कापलेली असेल तर दुकानदाराला विचारून बाटलीतला एक थेंब आतल्या बाजूला सोडून बघा. सुती आणि रेयॉनमध्ये तो लगेच पसरतो, पॉलिस्टर-नायलॉनवर बहुधा क्षणभर मोत्यासारखा थांबतो. पांढरा आणि फिका रंग घेत असाल तर ओला झाल्यावर तो किती पारदर्शक होतो हेही याच थेंबात कळतं. हे आधी कळलेलं बरं.

पाण्यात काय घालायचं

पहिल्यांदा जाणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त प्रश्न याचेच असतात, आणि ते कुजबुजत विचारले जातात. सरळ सांगते. अंदमानच्या किनाऱ्यांवर सगळ्या प्रकारचे कपडे दिसतात: बिकिनी, फ्रॉकवाला स्विमसूट, लेगिंग-टीशर्ट, पंजाबी ड्रेस. कोणी कोणाकडे बघत नाही, कारण सगळे पाण्याखाली मासे बघण्यात दंग असतात. तुम्हाला ज्यात मोकळं वाटतं ते घाला. अट एवढीच की ते लायक्रा मिसळलेल्या नायलॉनचं किंवा पॉलिस्टरचं असावं आणि अंगाला धरून असावं. ढगळ टी-शर्टमध्ये पाणी भरतं, तो गळ्यापर्यंत वर येतो, आणि लाइफ जॅकेटच्या आत त्याचा बोळा होऊन काखेत घासतो.

माझी शिफारस म्हणाल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची पोहण्याची लेगिंग. यात लाजेचा काही संबंध नाही. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला स्नॉर्केलिंग करताना तुम्ही तासभर पालथे तरंगता. चेहरा पाण्यात, पाठ आणि पोटऱ्या उन्हात. पाणी गार असल्याने भाजतंय हे कळतच नाही. संध्याकाळी खुर्चीला पाठ टेकली की कळतं. नवऱ्याच्या गुडघ्यांमागची कातडी आठवडाभर सोलवटत होती. पुरुषांनी उघड्या अंगाने पोहायचा हट्ट सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. सनस्क्रीन लावाच, दर दोन तासांनी परत लावा, पण पाण्यात ते टिकेल यावर फार विसंबू नका. बाही धुऊन जात नाही.

घेताना काय बघायचं? कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. पलीकडची बोटं दिसली तर ओलं झाल्यावर बाकीचंही दिसेल. मापाच्या अक्षरांवर भरवसा नको. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीचा एम असतो, म्हणून पर्समध्ये शिवणकामाची टेप ठेवा आणि छाती-कंबर इंचांत मोजून घ्या. दुकानात अंगाला किंचित घट्ट वाटला तर तोच घ्या, कारण पाण्यात तो सैल पडतो. घालून बघताना हात वर करा, उकिडवं बसा. आतल्या कपड्यांवरच घालून बघायचा असतो, आणि पुष्कळ दुकानं पोहण्याचे कपडे बदलून देत नाहीत, तेव्हा ते पैसे देण्याआधी विचारा. फोमचे कप काढता येतात का तेही बघा. सगळा सूट वाळला तरी ते स्पंजासारखे ओले राहतात, आणि रात्री काढून वेगळे ठेवले की प्रश्न मिटतो.

मुलांसाठी रंग महत्त्वाचा. माझ्या मुलीला समुद्री निळाच हवा होता. निळा, राखाडी, पांढरा हे रंग पाण्यात मिसळून जातात आणि दहा फुटांवरचं पोर शोधावं लागतं. भगवा, भडक गुलाबी, पोपटी घ्या. दुकानात रडारड झाली, मी भगवा घेतला. हॅवलॉकच्याच राधानगर किनाऱ्यावर दर मिनिटाला मान वळवून तो भगवा ठिपका दिसला की जिवात जीव यायचा.

स्कूबासाठी वेगळं काही घेऊ नका. जाड रबरी सूट तेच देतात. आत अंगाबरोबरचा स्विमसूट असला की झालं. चश्मा असेल तर मानेमागून अडकवायची दोरी मात्र न्या. आमच्या बोटीतल्या एका काकांचा चश्मा समुद्रात गेला आणि उरलेले चार दिवस त्यांनी अंदमान धूसर बघितलं.

पायात

इथे कंजुषी नको. अंदमानचे सगळे किनारे राधानगरसारखे मऊ वाळूचे नाहीत. नीलला लक्ष्मणपूरजवळचा दगडी पूल बघायला ओहोटीच्या वेळी जावं लागतं, आणि ती वाट मेलेल्या प्रवाळांच्या धारदार, निसरड्या खडकांवरून जाते. हवाई चप्पल तिथे पायातून निघते किंवा तिचा अंगठा तुटतो. मागून पट्टा असलेले रबरी सँडल हवेत, तळव्याला खाचा असलेले.

हे सँडल घ्यायची वेळ जून. पाऊस सुरू झाला की दादरपासून कल्याणपर्यंत प्रत्येक चपलांच्या दुकानाबाहेर त्यांच्या माळा लागतात. डिसेंबरात तेच मागायला गेलात तर दुकानदार पोटमाळ्यावरून उरलासुरला एक जोड काढतो, तोही नऊ नंबरचा. घरातले पावसाळी सँडल टाकून दिले नसतील तर तेच धुऊन न्या. नवेकोरे असतील तर आठवडाभर घालून फिरा. ओल्या पायाला नवा पट्टा फार लवकर चावतो.

कोल्हापुरी नेऊ नका. खारं पाणी लागलं की चामडं फुगतं आणि वाळल्यावर लाकूड होतं. बूट एक जोड, प्रवासात पायात घातलेला. सेल्युलर जेलला तो लागतो. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिने चढून जायचं असतं, आणि आपल्याकडची बहुतेक माणसं ती बघितल्याशिवाय हलत नाहीत. तिथे संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम उघड्यावर असतो. त्या दिवशी पूर्ण पँट आणि पूर्ण बाह्या घाला. भक्तीचा भाग सोडा, डास असतात.

आता बाजारात चला

यादी आता इतकी छोटी झालेली असते की एका दुपारचं काम. पोहण्याचे कपडे खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानातून घ्या. तिथे मापं नीट असतात, घालून बघायला जागा असते. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बाकीचं, म्हणजे टोपी, बर्म्युडा, पातळ शर्ट, संध्याकाळचा एखादा ड्रेस, रस्त्यावर. मुंबईत आझाद मैदानाजवळची फॅशन स्ट्रीट, वांद्र्याचा हिल रोड. पुण्यात डेक्कनची हाँगकाँग लेन किंवा कॅम्पातली फॅशन स्ट्रीट. तुळशीबागेत टोप्या, केसांचे चाप आणि झिपच्या पिशव्या एकाच फेरीत होतात.

शनिवार-रविवार संध्याकाळी जाऊ नका. आठवड्यातल्या दुपारी दुकानदाराला बोलायला वेळ असतो. भाव करायचा तर "अंदमानला चाललोय" हे तोंडातून निघू देऊ नका. मी ती चूक केली. बर्म्युडा बघत होते, तो म्हणाला, "ताई, गोव्याला का?" मी आनंदात म्हटलं, "नाही हो, अंदमानला." साडेतीनशे सांगितलेला भाव तिथेच गोठला. सुट्टीवर निघालेलं गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत येणार नसतं, हे त्याला माझ्याआधी माहीत. पुढच्या दुकानात मी चेहरा पाडून "मुलाला क्लासला जायला हवीय" म्हटलं आणि तसल्याच दोन पाचशेला घेतल्या. मला मुलगा नाही.

रस्त्यावर घेतलेल्या कपड्याची शिवण, चेन आणि खिसा तिथेच तपासा. बर्म्युडाला चेनचा एक तरी खिसा हवाच, खोलीच्या किल्लीसाठी. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. स्पीड बोट सुटली की पहिल्या दोन मिनिटांत किमान एक टोपी उडते, आणि ती आणायला बोट मागे फिरत नाही.

टॉवेलाचं काय? सोलापुरी टॉवेल घरी राहू द्या. त्याच्यासारखं अंग पुसणारं दुसरं काही नाही, पण तो एकदा भिजला की सहल संपली. माणशी दोन पंचे घ्या. आपले साधे, आजोबा नेसायचे तसले. पंचा सुतीच असतो, मग तो कसा चालतो, असं तुम्ही विचाराल. तो इतका विरळ विणलेला असतो की पंख्याखाली चटकन वाळतो. शिवाय तो अंगावर घेता येतो, वाळूवर अंथरता येतो, डोक्याला गुंडाळता येतो आणि त्याच्या आड कपडेही बदलता येतात. शंभर-दीडशे रुपयांत याहून उपयोगी वस्तू मला माहीत नाही.

किती न्यायचं

सहा रात्रींसाठी माणशी: पोहण्याचे दोन जोड (एक अंगावर, एक वाळत), दिवसा फिरायला पातळ शर्ट किंवा कुर्ते चार, गुडघ्याखालपर्यंतच्या पातळ पँट दोन, पूर्ण पँट एक, रात्री झोपायचा एक जोड, बाहेर जेवायला जायचा एक बरा पोशाख. आतले कपडे मात्र मोजून नव्हे, भरपूर. ते वाळतील असं गृहीत धरू नका. एक पातळ शाल किंवा जॅकेट हातातल्या पिशवीत ठेवा. बेटावर थंडी नाही, पण खासगी बोटींच्या बंद केबिनमध्ये एसी असा सोडतात की दीड तासात दात वाजतात, आणि मोठ्या बॅगा तेव्हा सामानाच्या ढिगात गेलेल्या असतात.

विमानात सोबतच्या बॅगेला सहसा ७ किलो आणि खाली टाकायच्या बॅगेला १५ किलो मिळतात, पण तिकीट बघून खात्री करा. वजनापेक्षा मला बॅगेच्या जातीची काळजी. जेट्टीवर चढउतार असते, कधी बॅग उचलून न्यावी लागते. चाकांची एक प्रचंड बॅग नेण्यापेक्षा पाठीवरच्या दोन मध्यम बऱ्या. ओल्या कपड्यांसाठी एक वेगळी जलरोधक पिशवी लागेलच.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बेतात असतील तर त्या दिवशीचे कपडे आदल्या रात्रीच उशाशी ठेवा. पहाटे तीन-चारला निघावं लागतं, कारण जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. त्या रस्त्यात थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. पुढे खारफुटीतून बोट आणि मग चिखलाची पायवाट. गडद पँट, पट्ट्याचे सँडल. पांढरं काही नको.

तिथे पोचल्यावर

घड्याळ आपलंच असतं, पण सूर्य नाही. अंदमान इतकं पूर्वेला आहे की जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाच-सहाला अंधार. राधानगरला सूर्यास्त बघायचा तर चारला तिथे असा. याचा कपड्यांशी संबंध असा, की दुपारी तीननंतर भिजलात तर ऊन संपलेलं असतं. भिजायचं ते सकाळी. सात ते अकरा पाण्यात, मग अंघोळ, कपडे गोड्या पाण्यातून काढून उन्हात. चार वाजता सगळं वाळलेलं.

रात्री काही वाळवायची वेळ आलीच, तर कपडा पिळा, कोरड्या पंच्यावर पसरा, दोन्हींची घट्ट वळकटी करा आणि तिच्यावर गुडघा देऊन दाबा. पंचा बरंचसं पाणी पिऊन टाकतो. मग कपडा एसीच्या खोलीत टांगा, बाथरूममध्ये नाही. एसी खोलीतला ओलावाही कमी करतो. दहा फूट नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे बॅगेत असू द्या. हॉटेलात खुर्च्या दोन असतात आणि ओले कपडे दहा.

काही विसरलात तर पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजारात टोप्या, चपला, बर्म्युडा सगळं मिळतं. हॅवलॉकलाही मिळतं, पण तिथे बहुतेक माल बोटीने येतो आणि किमतीतही ते दिसतं. किनाऱ्यावर मगरींबद्दलची पाटी किंवा लाल बावटा दिसला तर नवाकोरा स्विमसूट दुसऱ्या दिवशी घाला. जीवरक्षकाशी वाद घालू नका.

शंख-शिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्या तर सागरिका या सरकारी एम्पोरियममधून, आणि पावती जपून ठेवा. किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलणं, अगदी मेलेला तुकडासुद्धा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्री मुलांचे सगळे खिसे उलटे करा. आमच्या मुलीच्या बर्म्युडातून तीन पांढरे तुकडे निघाले, त्याच चेनच्या खिशातून, जो मी किल्लीसाठी बघून घेतला होता. ती रडवेली झाली. विमान साडेदहाचं होतं. सकाळी सहाला रिक्षा करून आम्ही पोर्ट ब्लेअरच्या कॉर्बिन्स कोव्ह किनाऱ्यावर गेलो. तिने ते तुकडे एकेक करून पाण्यात सोडले, आणि सोडता सोडता कंबरेपर्यंत भिजली. बॅगा बंद होत्या, दुसरी पँट सगळ्यात खाली. बर्म्युडा नायलॉनची होती. विमानतळावर रांगेत आमचा नंबर येईपर्यंत वाळली.